मातीला पोचेल का?

‘मुंबई ते केपटाउन, विमानाने साडेदहा तास.’ हे वाक्य तुमच्या मोबाइलवर कुठं चमकताना दिसलं, तर ते लिहिणाऱ्याला एकदा माझ्याकडे मुरूडला पाठवून द्या. मी त्याला चहा देईन, नारळाची वडी देईन आणि मग विचारीन, बाबा रे, हे विमान सुटतं कुठून? उभी हयात मी तिकिटं विकली, पण या विमानाचं तिकीट विकायचा योग काही येत नव्हता. येणार कसा? असं विमानच नाही. मुंबईहून केपटाउनला थेट कोणी उडत नाही. नैरोबीला उतरा, नाहीतर आदिस अबाबाला, नाहीतर आखातात. तिथल्या बाकावर पाय चोळत बसा, आणि मग पुढचं विमान पकडा. पण या अंतरं सांगणाऱ्या पानांना त्याचं काय! नकाशावर दोन टिंबं घ्यायची, मधल्या सगळ्या समुद्रावरून एक दोरी ताणायची, आठ हजारांवर किलोमीटर भरले की त्यांना विमानाच्या वेगाने भागायचं आणि उत्तर बिनदिक्कत छापून टाकायचं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

संपादकांनी मला ‘हवाई प्रवासातील गमतीजमती’ असा विषय सुचवला आहे. संपादक सज्जन आहेत. त्यांनी आयुष्यात दोनदा विमानप्रवास केला आणि दोन्ही वेळा त्यांना खिडकी मिळाली, त्यामुळे त्यांना या धंद्यात गंमत दिसते. थोड्या गमती आहेतही. त्या आधी उरकून टाकते.

माझं दुकान मुरूडच्या पेठेत, बेकरी आणि जाळी-दोऱ्यांचं दुकान यांच्या मधे. एका बाजूने पावाचा वास, दुसऱ्या बाजूने नायलॉनचा. आत एक टेबल, दोन खुर्च्या, एक संगणक आणि एक पंखा. पंख्यासाठी निम्मी गिऱ्हाइकं यायची. बाकीची यायची ती आमच्या किनाऱ्यावरच्या मुसलमान घरांतली. या घरांतला एक तरी माणूस समुद्रापलीकडे असतोच. आजोबा बोटीवर, बाप कुवेतला, मुलगा आफ्रिकेत. दुकान उघडलं तेव्हा लोक म्हणाले, भंडारी आळीतल्या बाईकडून तिकीट कोण घेणार? सगळ्यांनी घेतलं. कारण मी तोंडाने फाटकी असले तरी वेळ कधी चुकीची सांगितली नाही.

चौलचे एक सुपारीचे बागायतदार माझ्याकडे आले होते. मुलगी नैरोबीला दिलेली, तिच्याकडे निघाले होते. तिकीट हातात घेऊन त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि भडकले. जाताना विमान निघतं अमुक वाजता, पोचतं अमुक वाजता, म्हणजे साडेतीन तास. येताना बघावं तर साडेआठ! “जाताना विमानाने नेता आणि येताना काय बैलगाडीने आणता?” मी त्यांना सांगितलं, काका, तिकिटावर त्या त्या गावाची वेळ छापतात. नैरोबीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. म्हणून जाताना वेळ कमी दिसतो, येताना जास्त. खरा प्रवास दोन्हीकडून सहा तासांच्या आगेमागेच. उलट येताना पाठीशी वारा असला तर थोडा लवकरच. त्यांनी मनगट माझ्या नाकासमोर धरलं. “माझं घड्याळ माझ्यापाशी आहे, आणि ते बरोबर चालतंय.” गेले. महिन्याने परत आले ते विजयी मुद्रेने. म्हणे, मी घड्याळ बदललंच नाही! म्हणजे हा गृहस्थ महिनाभर नैरोबीत बसून चौलच्या वेळेने जेवला. मुलीच्या सासरचे लोक सकाळी अंथरुणात, आणि हे पान वाढायची वाट बघत बसलेले. त्या सासूबाईंना माझा कोपरापासून नमस्कार.

दुसऱ्या एक बाई अलिबागच्या. म्हणजे अलिबागच्या नव्हेत, अलिबागला बंगला असलेल्या. हा वेगळा समाज आहे. यांचे आंबे झाडावर पिकत नाहीत, मोबाइलवरच्या पोस्टांत पिकतात. बाईंना मॉरिशसला जायचं होतं आणि नकाशावर ते त्यांना दोन बोटांवर दिसत होतं. “मधे समुद्रच तर आहे, अडणार कुठं?” समुद्रात नाहीच अडलं. अडलं वडखळला. मांडव्याहून गाडीसकट बोटीने जा, असं मी जीव तोडून सांगितलं, तर त्या बोटीला म्हणे वास येतो. शनिवारच्या गर्दीत त्यांची गाडी रस्त्यावर उभी राहिली, आणि त्या अजून पेणच्या अलीकडे असताना विमान उडालं. मला फोन करून म्हणाल्या, “थांबायला काय झालं होतं त्यांना?” नाकाने कांदे सोलणारी माणसं पुष्कळ पाहिली, पण विमानतळाला आपल्या बंगल्याचा माळी समजणारी एवढीच.

झाल्या गमती. आता धंदा काय असतो ते सांगते.

आमच्याकडे तिकीट तीन कारणांनी निघतं. नोकरी, लग्न आणि मयत. पहिल्या दोन कारणांना सवड असते. तिसऱ्याला नसते. हिंदू घरांत लेकासाठी एखादी रात्र थांबतात, मुसलमान घरांत मयत ठेवत नाहीत. सकाळी गेलेलं माणूस दुपारच्या नमाजनंतर कबरस्तानात पोचवतात, दुपारी गेलेलं संध्याकाळच्या. लेक परगावाहून येत असला तर जमात, म्हणजे गावातल्या घरांची मिळून असते ती पंचायत, फार तर एखाद-दुसरी नमाज थांबते. म्हणून अशा दिवशी माझ्याकडे येणारा माणूस किती किलोमीटर, किती तास असलं काही विचारत नसे. तो दारातूनच विचारायचा, “मातीला पोचेल का?”

आणि उत्तरही तासांत देऊन चालत नसे. फजर पहाटेची नमाज, जोहर दुपारची, असर तिसऱ्या प्रहरची, मगरिब सूर्यास्ताची; तेव्हा मगरिबला पोचेल, असरला नाही पोचणार, असं सांगावं लागे. माझ्या टेबलामागे विमान कंपनीच्या कॅलेंडरशेजारी मशिदीतून आणलेलं नमाजच्या वेळांचं पत्रक टांगलेलं असायचं. एका पर्यटकाने ते पाहून विचारलं होतं, तुम्ही मुसलमान का? म्हटलं, नाही, मी वक्तशीर आहे.

मातीला पोचायचं गणित त्या दोरी ताणणाऱ्या पानांना सात जन्मांत जमणार नाही. माझे पहिले प्रश्न असे असायचे. पासपोर्ट त्याच्या खिशात आहे की मालकाच्या कपाटात? तो राहतो तिथून विमानतळ किती लांब? आज विमान आहे का? आणि मुंबईत उतरल्यावर घर खाडीच्या अलीकडे की पलीकडे? कारण आमच्याकडे आगरदांड्याला रस्ता संपतो आणि खाडी सुरू होते. पलीकडे दिघी दिसते, हाक मारली तर ऐकू जाईल असं वाटतं, पण जायचं तर फेरीबोटीनेच. बोट चुकली की म्हसळ्यावरून सगळा वळसा. महासागर ओलांडून आलेली माणसं मी त्या जेटीवर हात चोळत उभी असलेली पाहिली आहेत. कुठल्या पानावर ती जेटी नाही.

दिघीच्या हलीमाचाची पंख्यासाठी येणाऱ्यांपैकी. मुरूडला डॉक्टरला दाखवायला यायच्या, छातीत धाप होती. औषध घेऊन झालं की माझ्या खुर्चीत बसायच्या, चप्पल काढून पाय वर घेऊन. नवरा आयुष्यभर बोटीवर होता, तो जाऊन खूप वर्षं झाली. एकुलता एक मुलगा इकबाल केपटाउनला. तिथं त्याचं कपड्यांचं दुकान, बायको, मुलं. फोन मात्र रोज. माझ्या खुर्चीत बसल्या असतानाही यायचा आणि चाचींना कमी ऐकू येत असल्याने तो सगळ्या पेठेला ऐकू जायचा.

“अम्मी, दवा घेतलीस?”

“घेतली रे.”

“काय लागलं तं सांग. दहा तासांचा तं रस्ता हाय. तू हाक मार, मी आलोच समज.”

दहा तासांचा रस्ता. आकडा त्या पानांवरचाच. हे मी इतक्या वेळा ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची. कारण मी बघत होते ना! दहा तासांवर असलेला हा मुलगा वर्षानुवर्षं आला नव्हता. त्याचा बाप बोटीवर चढायचा तेव्हा परत कधी येईल ते खुद्द कप्तानाला माहीत नसायचं. म्हणून आला की पावसाळाभर राहायचा, घर शाकारायचा, आपल्या आईच्या पायाशी बसायचा. ह्याला वाटत होतं, आई म्हणजे शेजारच्या गल्लीत आहे, कधीही जाऊ. त्या पानाने त्याचं घर जवळ आणलं नव्हतं, त्याचा पाय तिकडेच रोवून ठेवला होता.

एक दिवस फोन ठेवल्यावर चाचींनी मला सरळ विचारलं. “सुमन, तू खरं सांग. मी गेले तं हा मातीला पोचंल?”

मी पत्रकाकडे बघितलं, उगीच. उत्तर मला पाठ होतं. “नाही पोचणार, चाची. तुम्ही सकाळी गेलात तर तो दुसऱ्या दिवशी जोहरला. तेही जागा मिळाली, नैरोबीचं विमान चुकलं नाही आणि आगरदांड्याला बोट मिळाली तर.”

“माझ्या बी ध्यानात तेच आलंवतं,” त्या म्हणाल्या. “तेचा बाप बोटीवर व्हता. दर्या किती मोठा असतो ते मला काय कागद बघून कळायचं हाय?”

मी त्यांच्या हातातला फोन घ्यायला गेले. “द्या इकडे. लावते त्याला. सांगते, ते दहा तासांचं विमान कुठून सुटतं ते मला कळव, मीही विकायला ठेवते.”

त्यांनी माझं मनगट धरलं. चांगलं घट्ट धरलं. “ऱ्हाव दे.”

“का राहू दे? खरं कळलं तर येईल तरी तो!”

“न्हाय येनार. दुकान हाय, पोरांच्या शाळा हाईत. नुसता झुरत बसंल. आता तेला माझं घर जवळ वाटतंय, म्हनून रोज फोन करतोय. वीस तास सांगशील, चोवीस सांगशील, तं लांब वाटंल. लांब वाटलं का मानूस फोन बी कमी करतंय. मी बघितलंय ते, तू न्हाय.”

“जवळ वाटतं म्हणूनच तो येत नाही, चाची.”

“व्हय,” त्या म्हणाल्या. “पन जवळ वाटतंय.”

मला त्यांचा राग आला, स्पष्ट सांगते. त्या पानावर आला त्याहून जास्त. ते पान निदान मठ्ठ होतं, यांना तर सगळं कळत होतं. त्यांनी पाय खाली घेतले, चपला शोधल्या आणि जाता जाता म्हणाल्या, “मी गेले का जमातीला मात्र खरं सांग. खोटे तास सांगून माझी मयत ताटकळत ठेवू नको. पन इकबालला मला ठाऊक व्हतं ते सांगू नको. कसम हाय.”

मी म्हटलं, आम्ही कसमा पाळत नाही. त्या हसल्या आणि रिक्षात बसल्या.

शुक्रवार होता. मी सकाळचा चहा टाकत होते आणि अब्दुल्लाभाईंचा फोन आला. हे दिघीच्या जमातीचे सेक्रेटरी. आयुष्य बोटीवर भात शिजवण्यात गेलेलं, बोलणं कमी.

“सुमनबाय, हलीमाचाची गेल्या. फजरची नमाज पढून आडव्या झाल्या, त्या उठल्याच न्हाईत.”

मी गॅस बंद केला.

“इकबाल मगरिबला पोचतोय,” ते पुढं म्हणाले. “म्हनतो साडेधा तास लागतात. जुम्म्याच्या नमाजनंतर मयत उठवनार व्हतो, पन एकुलता हाय, थांबतो आमी. तू तेचं तिकीट तेवढं काढ.”

बघा आता. एका पानावरच्या भागाकारावर अख्खी जमात थांबायला तयार झाली होती. फोनवर सांगून मी मोकळी झाले असते. पण ती गोष्ट फोनवर सांगायची नव्हती. मी दुकान उघडलं, दुपारी केपटाउनहून निघणाऱ्या विमानात नैरोबीमार्गे एक जागा होती ती अडकवून ठेवली, कुलूप घातलं आणि आगरदांड्याची रिक्षा केली. फेरीबोटीवर मी एकटीच बसून होते, आणि मनातल्या मनात त्या पानवाल्यांचा उद्धार करत होते. उचलली जीभ लावली टाळ्याला! तुमचं काय जातं रे?

अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या, माणसं बसली होती. आतून लोबानचा वास येत होता, मागच्या चुलीवर गुसलसाठी, म्हणजे मयतीच्या आंघोळीसाठी पाणी तापत होतं. अब्दुल्लाभाईंच्या तळहातावर फोन होता आणि त्यात इकबाल होता. मी आले आहे हे त्याला सांगितलं तसा तो म्हणाला, “सुमनताई, काढलं तिकीट? कितीला बसायचं मी?”

“दुपारी निघायचं आहे तुला,” मी म्हटलं. “नैरोबीला थांबून मुंबई. घरी पोचशील उद्या जोहरच्या सुमाराला.”

“उद्या?” त्याचा आवाज एकदम चढला. “काय बोलताय! हितं लिवलंय माझ्यासमोर. साडेधा तास!”

“तसं विमान नाही, इकबाल.”

“आवो, लिवलंय ना!”

“नाही बाबा. थेट विमानच नाही. दोन गावांमधलं अंतर मोजून त्यांनी नुसता आकडा लिहिलाय.”

मग तो खालच्या आवाजात बोलला. “थांबवा. एक दिस थांबवा. जेटीवर बर्फाचा कारखाना हाय ना, बर्फ आना. अब्दुल्लाचाचा, तुमच्या पाया पडतो.”

बर्फाला काय तोटा आमच्याकडे! मासळीसाठी लाद्यांवर लाद्या पडलेल्या असतात. एक जण खरोखरच उठून उभा राहिला, गाडी काढायला. सगळे माझ्याकडे बघत होते. अब्दुल्लाभाईंनी विचारलं, “बाय, उद्या जोहरला नक्की पोचंल?”

चाचींचा निरोप माझ्या ओठांवर होता. ‘ताटकळत ठेवू नका’ हे त्यांचेच शब्द आहेत असं सांगितलं असतं तर प्रश्न तिथंच मिटला असता. पण फोन चालू होता आणि पलीकडे तो ऐकत होता. तेव्हा जेवढं माझं होतं तेवढंच मी बोलले.

“नक्की नाही सांगू शकत. नैरोबीत अडकू शकतो, वडखळला अडकू शकतो, आणि उद्या शनिवार आहे, जेटीवर रांग असणार.”

अब्दुल्लाभाईंनी फोन तोंडाजवळ नेला. “इकबाल बेटा, मयतीला ताटकळत ठेवत न्हाईत. मासळीसारखं बर्फात घालायचं का तुझ्या अम्मीला? जुम्मा मिळालाय तिला, नशीबवान हाय. तू ये सावकाश.”

फोन बंद झाला नाही. तो रडत होता ते सगळ्यांनी ऐकलं. आतून बायकांचा आवाज आला, मी उठून आत गेले. चाची नेहमीसारख्याच दिसत होत्या, फक्त पाय सरळ केलेले. जुम्म्याच्या नमाजनंतर त्यांना नेलं. बायका कबरस्तानात जात नाहीत, मी दारातच उभी राहिले.

शनिवारी मी म्हटलं होतं तसंच झालं, आणि माझं खरं ठरलं याचा मला पहिल्यांदाच संताप आला. आगरदांड्याच्या जेटीवर मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागली होती. गाड्यांवर फुगवलेल्या रबरी ट्यूबा, आत चिवड्याची पाकिटं, कोणी जेटीवर फोटो काढतंय, कोणी बोटवाल्याशी हुज्जत घालतंय. त्या रांगेच्या शेपटाला भाड्याच्या गाडीत इकबाल बसला होता. एक बोट भरून गेली, दुसरीतही गाडी घेतली नाही. शेवटी गाडी सोडून, बॅग डोक्यावर घेऊन तो पायी तिसरीत चढला. पोचला तो जोहर नाही, असर नाही, मगरिबच्या तोंडाशी.

कबर केव्हाच बुजवून झालेली होती. पण अब्दुल्लाभाईंनी कडेला एक घमेलंभर माती वेगळी काढून गोणपाटाखाली झाकून ठेवली होती. ही रीत त्यांनी कुठून काढली ते विचारायची मौलवींनाही छाती झाली नाही. इकबालने त्यातल्या तीन मुठी घातल्या, आणि राहिलेली सगळी मातीही दोन्ही हातांनी ओढून घातली. हे सगळं मला मागून कळलं.

परतीच्या तिकिटासाठी तो माझ्याकडे आला तेव्हा दुपार होती. फोनवर रोज ऐकलेला आवाज, पण माणूस मी अनेक वर्षांनी बघत होते. केस विरळ झालेले, पोट सुटलेलं. नखांत लाल माती अजून होती. पंख्याखालच्या खुर्चीत बसला. त्याची आई बसायची तीच ती खुर्ची, त्याला ते ठाऊक नव्हतं.

मी मनाशी सगळं तयार ठेवलं होतं. वर्षानुवर्षांचं साठलं होतं. दहा तासांवर होतास तर एका ईदला का आला नाहीस? आईच्या धापेपेक्षा तुझ्या कपड्यांच्या घड्या मोठ्या का? मी भीडभाड ठेवणारी नव्हे, आणि दुकानात दुसरं कोणी नव्हतं.

त्याने मोबाइल काढून टेबलावर ठेवला. तेच पान होतं. समुद्रावर ताणलेली वाकडी रेघ, खाली आठ हजारांवरचा आकडा, त्याखाली साडेदहा तास.

“दुकान बंद केलं का रोज बघायचो मी हे,” तो म्हणाला. “नुसतं बघायचो. ही लाइन दिसली का बरं वाटायचं. वाटायचं, हाय ना, हितंच तं हाय.”

बेकरीतून पावाच्या पाट्या बाहेर काढल्याचा आवाज येत होता.

“सुमनताई, अम्मी तुमच्याकडं यायची. तुमच्याशी बोलायची.” त्याने वर बघितलं नाही. “तिला ठाऊक व्हतं? मी पोचनार न्हाय ते? का ती बी धाच तास धरून व्हती?”

मला ती मनगटावरची पकड आठवली. कसम पाळत नाही असं मीच म्हटलं होतं. आणि या टेबलामागून मी आजवर मालकाला, मौलवीला, बंगलेवाल्या बाईला, कोणाला म्हणून चुकीची वेळ सांगितली नव्हती.

“दहाच तास,” मी म्हटलं. “इथंच बसून म्हणायच्या, माझा इकबाल काय लांब न्हाय, साडेधा तासांवर तं हाय. हाक मारली का येतोय.”

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग हात काढले, डोळे पुसले आणि पासपोर्ट पुढे केला. मी नैरोबीवरून जागा बघितली, वेळा नीट समजावून सांगितल्या, कुठं किती थांबायचं, कुठल्या दाराने पुढे जायचं. तो लक्ष देऊन ऐकत होता. उठताना म्हणाला, “म्हंजे तशीच गेली ती. मी येतोय असं समजून.”

“हो,” मी म्हटलं.

साडेदहा तासांच्या त्या विमानाचं मी विकलेलं ते एवढं एकच तिकीट.